चिंक्वे तेर्रेतले गडगे

सुरुवात बाबांच्या सँडलवरून झाली. तीन महिन्यांच्या व्हिसावर आई-बाबा माझ्याकडे मिलानला आले तेव्हा बाबांच्या बॅगेत पायात घालायची वस्तू एकच होती, तपकिरी रंगाची, मागे पट्टा असलेली सँडल. "याच सँडलवर मी महिपतगड उतरलोय," हे त्यांनी मला विमानतळावरच सांगून टाकलं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपण समुद्रावर जाणार आहोत आणि समुद्राच्या वरच्या डोंगरात चालणार आहोत, एवढंच मी तोवर फोनवर बोलले होते. त्या वाटांवर सँडल चालत नाहीत, हे सांगायचं राहिलं होतं.

खरंच चालत नाहीत. चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरची 'पाच गावं': मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे. १९९९ पासून हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. स्लिपर आणि सँडल घालून वाटेवर निघालेल्या पर्यटकांना खांद्यावरून खाली आणता आणता तिथले लोक इतके कंटाळले, की २०१९ मध्ये त्यांनी दंडच जाहीर केला. पायात धड बूट नसतील तर ५० युरोपासून २,५०० युरोपर्यंत. मी हा आकडा बाबांना सांगितला. त्यांनी मनातल्या मनात शंभराने गुणलं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने माझ्याबरोबर दुकानात आले. पस्तीस युरोचे सवलतीतले बूट घेतले. "साडेतीन हजार," दुकानातून बाहेर पडताना ते म्हणाले. घरी येईपर्यंत आणखी दोनदा म्हणाले.

मुक्काम पाच गावांत न करता मी लेव्हांतोला केला. पाच गावांच्या रांगेतलं पहिलं मोंतेरोस्सो, त्याच्या अलीकडचं एक स्टेशन म्हणजे लेव्हांतो. मोठा किनारा, रांगेने छत्र्या, आइस्क्रीमची दुकानं, संध्याकाळी सायकली फिरवणारी कुटुंबं, असं साधं सुट्टीचं गाव. खोल्या स्वस्त मिळतात आणि स्वयंपाकघर असलेलं घर मिळतं, हे आईच्या दृष्टीने महत्त्वाचं. आईची अट पहिल्यापासून स्पष्ट होती. "मी डोंगर चढणार नाही. मला समुद्र समोर दिसला पाहिजे आणि चहा माझ्या हातचा पाहिजे." मिलानहून जिनोआमार्गे गाडी तीन-साडेतीन तासांत तिथे पोचवते. पोचल्या पोचल्या आईने किनाऱ्यावर छत्री आणि खुर्चीचं भाडं विचारलं, दर ऐकला आणि फुकटच्या वाळूवर चादर अंथरून बसली. पुढचे तीन दिवस ती तिथेच होती आणि आमच्यापेक्षा मजेत होती.

वाटांच्या तिकिटांबद्दल थोडं सांगते, कारण मी पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर गेले होते तेव्हा यातच गोंधळले होते. इथल्या सगळ्याच वाटांना पैसे पडत नाहीत. मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा आणि वेर्नात्सा ते कोर्निलिया या किनाऱ्यालगतच्या दोन टप्प्यांना कार्ड लागतं. कार्डाचे दर गर्दीच्या दिवसांप्रमाणे कमी-जास्त होतात, आणि गाड्यांचा प्रवास धरून घेतलेलं कार्ड अर्थातच महाग. रिओमाज्जोरे ते मानारोला हा जेमतेम किलोमीटरभराचा, 'प्रेमाची वाट' म्हणून गाजलेला टप्पा २०१२ मध्ये दरड कोसळून बंद झाला होता. तो २०२४ च्या उन्हाळ्यात उघडला, पण तिथे वेळ ठरवून वेगळं तिकीट काढावं लागतं. मोंतेरोस्सो-वेर्नात्सा ही साडेतीन किलोमीटरची वाट देखणी आहे यात वाद नाही. पण भर जूनमध्ये मी तिथे लोकांना वाट द्यायला भिंतीला पाठ लावून इतकी उभी राहिले होते, की चालल्यासारखं वाटलंच नाही. वरच्या अंगाच्या वाटा, ज्यांना पैसे लागत नाहीत, त्या चढाच्या आहेत. म्हणूनच तिथे माणसं कमी.

पहिल्या दिवशी लेव्हांतो ते मोंतेरोस्सो. मध्ये पुंता मेस्को नावाचं डोंगराचं नाक समुद्रात घुसलंय, ते ओलांडून पलीकडे उतरायचं. सात-आठ किलोमीटर, तीनशे मीटरच्या आसपास चढ. किल्ल्याच्या कडेने पायऱ्या सुरू होतात, आणि मग घरांच्या मागून, ऑलिव्हच्या झाडांतून वाट वर निघते. झाडांवर, दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात. पट्टा दिसत राहिला की समजायचं, बरोबर चाललोय. आपल्याकडच्या दगडांवरच्या बाणांसारखंच, फक्त इथे त्यावर 'राहुल लव्ह पूजा' कुणी लिहिलेलं नसतं. (मोंतेरोस्सोत रेल्वेच्या बोगद्याशी होतं. इटालियनमध्ये.)

अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं, की आपला हिशोब चुकणार. दमले म्हणून बाबा थांबत नव्हते. ते प्रत्येक गडग्यापाशी थांबत होते.

हा डोंगर म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. हजारेक वर्षं लोकांनी उतार फोडून, निघालेल्या दगडांच्या भिंती रचून, त्यांच्या मागे माती भरून जेमतेम खाटेएवढ्या रुंदीच्या पट्ट्या तयार केल्या. त्यावर द्राक्षं, ऑलिव्ह, लिंबं. भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आमच्या गुहागर तालुक्यातल्या गावात कलमांच्या बागेला, परसाला, विहिरीला अशीच कुंपणं असतात. आम्ही त्यांना गडगा म्हणतो. आमचा दगड जांभा, इथला करडा वालुकाश्म, चपट्या लाद्यांत निघणारा. पण रचायची रीत बघून बाबांचा चेहरा असा झाला, जसा लग्नात लांबचा भाऊबंद अचानक भेटल्यावर होतो.

"बाबा, समुद्र बघा ना जरा."

"समुद्र काय, गुहागरातही आहे," असं म्हणून त्यांनी एका भिंतीत बोट घातलं. "बघ, मागे माती नाही लगेच. बारीक खडी आहे. पाणी निथळायला जागा ठेवलीय."

मेस्कोच्या टोकावर आम्ही तीन तासांऐवजी साडेचार तासांनी पोचलो. तिथे अकराव्या शतकातल्या संन्याशांच्या चर्चचे पडके अवशेष आहेत. चार पावलं पुढे कड्यावर गेलं की पाचही गावं एका ओळीत दिसतात, एकापलीकडे एक, शेवटची धुरकट होत गेलेली. चर्चच्या सावलीत बसून आम्ही आईने दिलेली थालीपीठं खाल्ली. शेजारी बसलेल्या जर्मन जोडप्याला बाबांनी अर्धं देऊ केलं, त्यांनी ते खाल्लं आणि लोणच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी हसत राहिले. उतार मात्र वाईट. मोंतेरोस्सोकडे उंच दगडी पायऱ्या सरळ खाली जातात. बाबा खेकड्यासारखे आडवे उतरत होते. अर्ध्यावर त्यांनी बुटांकडे बघून "बरे आहेत" एवढं प्रमाणपत्र दिलं. परतीला गाडी, बोगद्यातून पाच मिनिटं. दिवसभर चाललेलं अंतर पाच मिनिटांत मागे गेल्याचं बाबांना अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावसाचा नारंगी इशारा आला. नारंगी किंवा लाल इशारा असला की वाटा बंद करतात. सकाळी आकाश नुसतं मळकट होतं, एक थेंब नव्हता. बाबा खिडकीत उभे राहून म्हणाले, "एवढ्याने बंद? आपल्याकडे असं केलं तर जून ते सप्टेंबर कोकणच बंद ठेवावं लागेल." दुपारी कोसळला. आणि कोसळला म्हणजे आपल्याकडच्यासारखा, आडवा. आईने समोरच्या भट्टीतून फारिनाता आणला होता, हरभऱ्याच्या पिठात पाणी आणि ऑलिव्ह तेल घालून तांब्याच्या मोठ्या तव्यात भाजलेला. आईने एक घास खाल्ला आणि जाहीर केलं, "बेसनाचं धिरडं. ओवा आणि हिरवी मिरची विसरलेत."

संध्याकाळी उघडीप मिळाली म्हणून आम्ही तिघंही गाडीने वेर्नात्साला गेलो. वेर्नात्सा पाचांतलं सगळ्यांत फोटोतलं गाव. एकच मुख्य रस्ता, स्टेशनपासून बंदरापर्यंत उतरत जाणारा. त्या रस्त्याच्या खाली ओढा आहे, वर फरसबंदी घातलेला. एका दुकानात चित्रांच्या पोस्टकार्डांशेजारी एक फोटो लावला होता. हाच रस्ता, पण दुकानांची दारं दिसतच नव्हती. चिखल, ओंडके आणि गाड्या पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत. २५ ऑक्टोबर २०११. त्या दिवशी काही तासांत या डोंगरांवर पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, आणि मोंतेरोस्सो आणि वेर्नात्सा ही दोन गावं चिखलात गाडली गेली. वेर्नात्सात तीन माणसं गेली.

बाबांनी फोटोतली खिडकी समोरच्या भिंतीवर शोधली आणि हात वर करून उंची धरली. आई त्यांच्याकडे बघत होती, मी आईकडे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत आत्याच्या घरी वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं होतं हे सांगताना बाबा हात असाच धरतात. त्या रात्री आत्या आणि काका माळ्यावर बसून होते, आणि आम्ही मिलान, गुहागर, पुणे असे तिघे न लागणारा फोन लावत होतो. पाणी ओसरल्यावर बाबा आठ दिवस फावडं घेऊन तिथेच होते.

दुकानातल्या बाईंना मी विचारलं, वरचे बांध तेव्हा टिकले का? त्या म्हणाल्या, जिथे कुणी शेती करतं तिथले बरेचसे राहिले. जिथे सोडून दिलेत तिथे आधीच पडझड झालेली होती, पाण्याने ती सगळी उचलून खाली आणली. मी बाबांना सांगितलं. "सांगायला कशाला पाहिजे," ते म्हणाले.

रात्री मी वाचलं त्यातलं दोन ओळींत: पाचही गावांची मिळून वस्ती साडेतीन-चार हजार, आणि वर्षाला येणारे पर्यटक लाखांनी मोजायचे. खोल्या भाड्याने देण्यात पैसा आहे. खांद्यावरून दगड वाहण्यात नाही. मग डोंगरावर जाणार कोण? १९९७ मध्ये हा किनारा जागतिक वारसा झाला तो या बांधांसकट, आणि २०१८ मध्ये नुसते दगड रचून भिंत घालायची कलाही युनेस्कोच्या यादीत गेली, इटलीसह आठ देशांच्या नावावर. बाबांना हे ऐकून हसू आलं. "म्हणजे आमचे अण्णा युनेस्कोचे होते." अण्णा म्हणजे माझे आजोबा. घराभोवतीचा बराचसा गडगा त्यांच्या हातचा.

तिसऱ्या दिवशी इशारा उठला, ऊन पडलं. कोर्निलिया ते मानारोला, पण खालची वाट दरडींमुळे बंद आहे म्हणून वरून, व्होलास्त्रा या वाडीमार्गे. कोर्निलिया हे पाचांतलं एकटं गाव जे समुद्राला लागून नाही, शंभर मीटर वर कड्यावर बसलंय. स्टेशनवरून गावात जायला ३८२ पायऱ्या. मिनी बस आहे. बाबांनी बसकडे बघितलंसुद्धा नाही. गावानंतर रानातून चांगलाच दमवणारा चढ, ओल्या पानांवरून, आणि मग एकदम झाडं संपतात. साडेतीनशे मीटर उंचीवर द्राक्षांच्या पट्ट्यांमधून वाट जवळपास सपाट चालत राहते. डाव्या हाताला कमरेएवढा बांध, उजव्या हाताला काही नाही. म्हणजे समुद्र, पण खूप खाली.

द्राक्षतोडणीचे दिवस होते. इथे एकेरी रुळावर दात्यांच्या चाकावर चालणारं इवलंसं इंजिन असतं, खेळण्यातल्यासारखं. ते उभ्या चढावर द्राक्षांची खोकी ओढून वर रस्त्यापर्यंत नेतं. एक आमच्या शेजारून फटफटत गेलं, मागच्या खोक्यांवर एक माणूस बसलेला. "याच्यावर आंब्याच्या पेट्या..." बाबांनी वाक्य पुरं केलं नाही, पण फोटो काढला. तीन दिवसांत त्यांनी काढलेला तो पहिला फोटो.

आणि मग तो म्हातारा दिसला. सत्तरीच्या पुढचा, बनियनवर. कालच्या पावसात त्याच्या बांधाचा हातभर रुंदीचा तुकडा वाटेवर आला होता. त्याने पडलेले दगड आकाराप्रमाणे तीन ढिगांत लावून ठेवले होते, मोठे, मधले आणि बारीक. बादलीत खडी. हातात छोटा हातोडा. आम्हाला जायला जागा करून द्यायला तो उठला. बाबा गेले नाहीत. शेजारच्या, न पडलेल्या भागाकडे बोट दाखवून ते मराठीत म्हणाले, "हाही जाणार. पोट आलंय याला."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. इटालियनमध्ये बांधाला काय म्हणायचं ते आठवेना. म्हाताऱ्याने बाबांच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. भिंत मध्यभागी खरंच पुढे फुगली होती, पावलाभराने. त्याने मान हलवली, आपल्या बनियनवरून स्वतःच्या ढेरीवर दोन थापट्या मारल्या आणि म्हणाला, "पांचा."

पांचा म्हणजे पोट. तिकडेही बांधाला पोटच येतं.

त्यानंतर माझी गरज संपली. पुढचा पाऊण तास मी वाटेच्या कडेला बसून होते, आणि दोन माणसं एकमेकांशी दोन भाषांत बोलत होती. म्हातारा खालच्या थराला दगड लावायचा, बाबा ढिगातून पुढचा निवडून द्यायचे. पहिले दोन त्याने नाकारले. तिसरा लांबट होता, बाबांनी तो आडवा नव्हे तर उभा, शेपूट डोंगरात जाईल असा धरला. म्हाताऱ्याने तो घेतला, तसाच बसवला आणि बाबांकडे जरा वेगळं बघितलं. भिंतीचं तोंड वर जाताना किंचित मागे, डोंगराकडे कललेलं ठेवायचं. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. एक दगड हलतोय का ते तळहाताने दाबून बघायचं, हलला तर चीप मारायची. आणि प्रत्येक थर झाला की मागे बादलीतली खडी ओतून ठोकायची, मातीला हात लावायचा नाही तोवर. बाबांनी एकदा घाईने खडीऐवजी ओंजळभर माती घातली. म्हातारा ओरडला. ते ओरडणं मला शब्दशः सांगता येईल, पण नको. बाबांनी मात्र मुकाट्याने माती उकरून काढली. माझ्या आठवणीत बाबांवर एवढ्या मोठ्याने कुणी ओरडल्याचा दुसरा प्रसंग नाही. अण्णा असतील ओरडले, पण तेव्हा मी नव्हते.

मागून सहा-सात जणांचा घोळका आला. जरा पुढे जाऊन एकाने वळून दोघांचा फोटो काढला. त्याच्या फोनमध्ये आता 'स्थानिक शेतकरी' म्हणून गुहागरचे निवृत्त पोस्टमास्तर असतील.

निघताना म्हाताऱ्याने आम्हाला एकेक घड दिला, वेलीवरचा, धुळकट. बाबांच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. व्होलास्त्रातल्या नळावर त्यांनी अंगठा धुतला, मला रुमाल मागितला आणि मानारोलापर्यंतच्या त्या न संपणाऱ्या पायऱ्या ते काहीही न बोलता उतरले. मानारोलाचं ते जगप्रसिद्ध दृश्य, कड्यावर रचलेली रंगीत घरं, आम्ही स्टेशनकडे जाता जाता मान वळवून पाहिलं. गाडी यायला वीस मिनिटं होती. घड्याळात चार. म्हणजे तिकडे गावी साडेसात, घरच्या काकांचं जेवण व्हायचं असेल.

बाबांनी फलाटावरच्या बाकावर बसून बूट काढले, मोजे त्यात खुपसले आणि फोन लावला.

"विहिरीकडच्या गडग्याला पोट आलंय का, जरा बॅटरी घेऊन बघ रे."

काका काय म्हणाले ते मला ऐकू येत नव्हतं. बरंच काहीतरी म्हणाले. बाबा मध्येमध्ये नुसतं "हं" करत होते. तुकडा गेल्या आषाढातच गेला होता, हे मला नंतर कळलं. काकांनी गवंडी सांगून ठेवला होता आणि दिवाळीआधी तिथे सिमेंटची भिंत उभी राहणार होती.

"चिरे कुठे टाकलेत?" बाबांनी विचारलं. मग थोडा वेळ ऐकून म्हणाले, "ते तिथेच राहू देत. कुणाला नेऊ देऊ नको. आणि सिमेंट आणू नकोस अजून, मी एकवीसला येतोय."